मान राहिली आहे

१२ जानेवारी

मायना कोरा सोडलाय, रागावू नका. आधी सवयीने 'जावईबापूंस' असं लिहिलं. मग खोडलं. गेल्या वर्षी तुम्ही आणि आमच्या लेकीने कागदावर सह्या केल्यात, तेव्हापासून तुम्ही जावई नाही. मग 'डॉक्टरसाहेब' लिहून पाहिलं, तर दाढ ठणकायला लागल्यासारखं वाटलं. शेवटी 'मित्रा' लिहिलं. ही मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "जावयाला मित्रा म्हणतात का कुणी?"

मी म्हटलं, "जावई कुठे राहिलेत आता?"

"मग पत्र कशाला लिहिताय?"

बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो, विशेषतः तिचं बरोबर असताना. ती आत गेल्यावर नवीन कागद घेतला आणि थेट मजकुराला हात घातला.

तर मुद्दा असा, की तुमची मान राहिली आहे.

गैरसमज नको. तुमचा मान नव्हे, तुमची मान. गिटारची. धड तयार होऊन खिडकीजवळच्या हुकाला लटकतंय, तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा होतं तसंच. काळ्या शिसवीचं धड, वर अक्रोडाचा पातळ पदर, त्याच्या रेषा अजूनही उन्हात हलल्यासारख्या दिसतात. पण मान नाही. कुरिअरवाला परवा विचारत होता, "काका, ही कसली ढाल?" मी आयुष्यभर कपाटं आणि जिने केले. इलेक्ट्रिक गिटार हा प्राणी तुम्ही माझ्या कारखान्यात आणलात, तुटलेली एक घेऊन, आणि 'बाबा, हिचं काही होईल का?' म्हणून. तेव्हापासून मी कपाटं करायची सोडली आणि लोक मला म्हातारचळ लागला म्हणतात. हे सगळं तुमच्यामुळे, एवढं ध्यानात असू द्या.

मानेसाठी काढून ठेवलेली महोगनी अजून कोपऱ्यात उभी आहे. जुनं नाट्यगृह पाडलं तेव्हा तुम्ही रस्त्यावरून ओरडत फोन केला होतात, "बाबा, जिन्याचा कठडा भंगारात चाललाय, लवकर या!" मग ती दांडी गाडीच्या टपावर, तुम्ही चालवताय, मी पुढे बसून एका हाताने धरलीय, लेकीने मागच्या खिडकीतून दुसऱ्या हाताने, आणि सिग्नलला पोलीस आपल्याकडे बघतोय. आता असं लाकूड तोडायला बंदी आहे, बाजारात मिळत नाही. त्या अख्ख्या दांडीत खिळ्याचं भोक नसलेला, सरळ रेषेचा एकच तुकडा निघाला. एकच मान होईल.

अडचण अशी आहे, की एक मुलगी येऊन बसते. बँडमध्ये वाजवते. केस सगळे डोळ्यांवर, म्हणून मी तिला झिपरी म्हणतो आणि तीही ओ देते. तिला ही गिटार हवी आहे. हात लहानखुरे आहेत तिचे. तिच्या हाताला मान घडवायची तर बरीच छाटावी लागेल. लाकूड काढता येतं, परत घालता येत नाही. एकदा तिच्या हाताची झाली की तुमच्या हाताची कधीच होणार नाही.

तेव्हा एकदा येऊन हात देऊन जा. मान घडवताना वाजवणाऱ्याचा हात समोर लागतो, तुम्हाला माहीत आहे. थोडं घासायचं, धरून बघायचं, पुन्हा घासायचं. एक दिवसाचं काम. यायचं नसेल तर तसं कळवा, म्हणजे मी झिपरीला हो म्हणायला मोकळा.

तुमची आठवण वगैरे येते म्हणून लिहिलेलं नाही. कामाचं पत्र आहे.

तुमच्या गिटारचा सुतार


३० जानेवारी

पत्र पोचलं. पत्र कसलं, पाणीपट्टीची नोटीस बरी!

'आपला निर्णय योग्यच असेल. गिटार त्या मुलीस द्यावी. आपण व आईंनी प्रकृतीस जपावे.'

आपण! अहो, आपण म्हणजे कोण? मी इकडे तिकडे बघितलं, कारखान्यात आणखी कोणी मोठा माणूस आलाय की काय. सबंध पत्रात तुमच्या मनातलं एक अक्षर नाही. गिटार नकोय, की यायला नकोय, की आमची तोंडं बघायला नकोत? ही म्हणाली, "बिचारा संकोचलाय." संकोचलाय म्हणे. परक्या माणसांच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालणाऱ्याला कसला आलाय संकोच?

पण मग चहा पिताना विचार केला. हे 'आपण' तुम्हाला शिकवलं कुणी? आम्हीच.

माझ्या पुतण्याच्या वयाचे तुम्ही. पण लग्न ठरल्या दिवसापासून मी 'या, बसा, पंखा लावू का?' कारखान्यात धड अशी एकच खुर्ची, ती तुम्हाला. मी खोक्यावर. तुम्हाला कपबशी, मला स्टीलचा पेला. तुम्ही कानस हातात घेतलीत की मी 'वा, वा!' म्हणायचो. काय वा? माझं बघून तुम्हीही तसेच. मी काहीही केलं की 'फारच सुंदर, बाबा.' दोघं जण एकमेकांना रविवार-रविवार मान देत बसलो आणि काम काय झालं ते समोर लटकतंय.

आता मी असा हिशेब केलाय. तुम्ही जावई नाही. जावई नाही, म्हणजे जावयाचा मान नाही. मान नाही, म्हणजे 'तुम्ही' म्हणण्याचंही कारण नाही. चक्क कोर्टाने मला मोकळीक दिलीय, आणि मी वेड्यासारखा वर्षभर ती वापरली नाही!

तर ऐक, गाढवा.

कानस तू केरसुणीसारखी धरतोस. पुढे लोटायची असते, मागे ओढायची नसते. तुझ्या त्या ओढाओढीने अक्रोडाच्या कडेला जे कुरतडल्यासारखं झालं होतं, ते तू गेल्यावर मी निस्तरायचो. तुला सांगता येत नव्हतं ना! जावई! पटाशीला धार लावतोस ती बरी, पण लावताना जीभ बाहेर काढतोस. तुझ्या खुर्चीत बसणारे पेशंट हे बघत असतील तर कठीण आहे. सरस नेहमी दुप्पट लावतोस. शिवाय काम करताना गुणगुणतोस, आणि एकच ओळ. ती ओळ मला इतकी पाठ झालीय की परवा भाजी घेताना माझ्या तोंडून निघाली.

हुश्श. किती वर्षांचं साचलं होतं. ही दारातून म्हणाली, "एवढं हसताय कुणाशी?"

आता तुझी पाळी. तुझ्या मनात माझ्याबद्दल, गिटारबद्दल जे असेल ते लिही. 'आपण' हा शब्द दिसला तर पत्र न वाचता सरस ढवळायला घेईन. मला एक खरं वाक्य पाहिजे. एकच चालेल. झिपरीला तोवर मी 'लाकूड अजून वाळतंय' म्हणून थोपवून धरलंय. तिच्या जन्माच्या आधीपासून वाळलेलं लाकूड! तिलाही ते कळतं, पण पोरगी चांगली आहे.

तुझा
(पुढे काय ते सुचत नाही, सध्या एवढंच)


२१ फेब्रुवारी

अरे लेका!

'बाबा, ती जड आहे. फार जड. गळ्यात घातली की माझी मान जाते.'

कार्ड वाचलं आणि उभ्या-उभ्या मोठ्यांदा हसलो. झाली ना दोन-तीन खरी वाक्यं! मग हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." म्हटलं, "कसं?" तर म्हणे, "तो नुसतं धड गळ्यात अडकवून उभा राहिला की एक खांदा खाली जायचा. पाणी भरलेली बादली उचलल्यासारखा. तुम्ही रेषा बघत बसायचात, मी माणूस बघत होते." मग आधी का नाही बोललीस? तर, "तुमच्या दोघांचं इतकं छान चाललं होतं!" म्हणजे तीसुद्धा आमच्यातलीच.

शिसव का घेतली, सांगू? गिटारला शिसवीचं अख्खं धड कोणी करत नाही. मानेवरच्या पट्टीला वापरतात, पातळ पदराला वापरतात. पण माझ्या बापाने राखून ठेवलेली ती फळी, घरातलं सगळ्यात भारी लाकूड. जावयासाठी करायची आणि साधं लाकूड लावायचं? लोक काय म्हणतील? भारी म्हणून दिलं, आणि भारीच निघालं. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात मान वाकवून बसणारा माणूस, त्याच्या गळ्यात मी संध्याकाळी धोंडा बांधायला निघालो होतो. आणि तू म्हणत होतास, "वा बाबा, वजनदार आहे!" वजनदार काय? तोंड शिवलं होतं का तुझं?

पण मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. धडाला पट्टा बांधला, गळ्यात घातलं आणि तसाच उभ्याने काम करत राहिलो. दुपारपर्यंत ठीक होतं. मग डावीकडे बघायला गेलो तो बघतच राहिलो. मान परत फिरेचना. समोरच्या शिवणवाल्या बाई त्यांच्या मशीनवरून मला बघतायत, मी त्यांना बघतोय, त्या हसल्या, मीही हसलो, करणार काय? त्यांनी हात केला. शेवटी हिने येऊन मलम चोळलं आणि खिडकीचा पडदा ओढला. अजूनही त्या बाई भेटल्या की 'बरं वाटतंय का आता?' विचारतात, आणि ही माझ्याकडे बघते.

तेव्हा पटलं. मग ठरवलं, धड पोकळ करायचं.

सोपं नव्हतं, सांगतो. आधी पाठीचा पातळ पदर करवतीने अख्खा उतरवायचा. करवत केसभर भरकटली तर फळी गेली, आणि अशी फळी आता या जन्मात मिळणार नाही. मी सकाळी दार आतून लावून घेतलं. हिला सांगितलं, घर पेटलं तरच हाक मार. करवत रेषेवरून हलली नाही. पदर सोललेल्या सालीसारखा अलगद सुटला. मग मधला पट्टा, तारांच्या खालचा, भरीव ठेवला आणि दोन्ही बाजूंनी गिरमिटाने भोकं पाडून पटाशीने कोरत गेलो. काळा भुसा सगळीकडे. शिंका देऊन देऊन बेजार झालो, रुमाल जांभळा झाला. कोरून झाल्यावर तोच पदर पुन्हा झाकण म्हणून बसवला. रेषेला रेष जुळली. जोड कुठे आहे हे तुला दाखवल्याशिवाय दिसणार नाही, आणि मी दाखवणार नाही.

आता टकटक केलं की वेगळंच ऐकू येतं. आधी दगडावर मारल्यासारखं वाजायचं. आता आत कुणी तरी राहतंय असं वाटतं. आणि उचलायला हलकी. झिपरीने एका हाताने उचलली आणि म्हणाली, "काका, हे आधी का नाही केलंत?" म्हटलं, "आधी हिचा मालक फार सभ्य होता."

इथवर लिहून कालच पत्र टाकणार होतो. पण काल लेक आली, आणि तिचं सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही.

ती जमिनीची मोजणी संपवून तशीच आली होती, बुटांना माती. कारखान्यात आली, धड उचलून बघितलं. "ही ती ना? हलकी कशी झाली?"

मी म्हटलं, "पोकळ केली. एका डॉक्टरची मान दुखते."

"कुठल्या डॉक्टरची?"

मी रंध्याचं पातं पुसायला घेतलं. पातं स्वच्छ होतं. तिला सगळं कळलं. मग ती त्या खुर्चीत बसली, तुझ्या, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, लग्न माझं झालं होतं. पण दर रविवारी माहेरी तो यायचा. मी तिकडे एकटी कपडे वाळत घालायचे."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं, तेच जास्त लागलं. मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का तुझा?" ती म्हणाली, "चहा कर." मी चहा केला. ती प्यायली आणि गेली.

तुम्ही दोघं का वेगळे झालात हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या घरातलं तुम्हाला ठाऊक. एवढंच कारण असेल असंही मी मानत नाही, रविवारापायी कुणी संसार मोडत नाही. पण त्यात माझ्याही रविवारांचा वाटा असेल, तर मला ते नाकारता येणार नाही.

म्हणून आता तुला 'ये' म्हणत नाही. खरं तर सगळं पत्र त्यासाठीच लिहायला बसलो होतो. पण लेक माझी आधी आहे. तिला टोचत असेल तर मला गिटार नको आणि, वाईट वाटून घेऊ नकोस, तूही नकोस. तिच्या मनात काय आहे ते कळेपर्यंत मान कोपऱ्यातच उभी राहील.

तब्येतीला जप. शेक घेत जा.

बाबा


१६ मार्च

मान झाली!

तुझ्या हाताची झाली. तू न येता झाली. कशी, ते ऐक, आणि बसून ऐक.

मधे बरेच दिवस तुलाही लिहिलं नाही, लेकीकडेही विषय काढला नाही. मग एकदा मनाशी म्हटलं, उगाच ताणू नये. तुझ्यावाचून काही अडत नाही असं स्वतःला समजावलं. झिपरीला बोलावलं. महोगनीचा तुकडा शिकंज्यात धरला, तिच्या हाताचं माप घेतलं, आणि कानस उचलली. नेमकी तेव्हा लेक आली. दारातच उभी राहिली.

"थांब, बाबा. ही त्याची ना?"

मी म्हटलं, "होती."

"मग बोलव की त्याला."

"तुला चालेल?"

अशी चिडली! "मी नको म्हटलं का कधी? मला त्रास झाला एवढं सांगितलं. त्रास झाला म्हणजे माणूस टाकून दे, असं कोण म्हणालं? तुझं ना, एक तर डोक्यावर घ्यायचं नाहीतर दारच लावून घ्यायचं. मधलं काही येतच नाही तुला."

झिपरी बिचारी एकदा लेकीकडे बघते, एकदा माझ्याकडे. मी तिला कानात सांगितलं, "माझी लेक." ती म्हणाली, "दिसतंय."

मी म्हटलं, "अगं, पण तो येत नाही ना. आणि हातावाचून मान होत नाही."

लेक पुढे आली. मग बाही वर सारली आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "धर. रस्ता ओलांडताना तो माझा हात धरायचा नाही, मनगट धरायचा. लहान मुलीसारखं. मला राग यायचा. त्याचा अंगठा वरून यायचा आणि मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर टेकायचा. इथे. आणि गिटारची मान त्याला माझ्या मनगटापेक्षा जराशी बारीक लागायची. स्वतःच म्हणायचा, 'ही जाड गिटार आणि ती बारीक गिटार.' लिहून घे नाहीतर विसरशील."

अरे, मी काय लिहून घेतो! माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. चष्मा पुसला. ती हसत म्हणाली, "रडू नकोस, मोजणीवाली आहे मी. इतक्या वर्षांत एवढं तरी पाठ झालं."

कागदाची पट्टी तिच्या मनगटाला गुंडाळली. जिथे तुझा अंगठा टेकायचा तिथे तिने पेन्सिलने खूण केली. मग मी घासायला लागलो. थोडं घासायचं, ती धरून बघायची, डोळे मिटून. "अजून." पुन्हा घासायचं. "खांद्याकडे थोडी भरीव ठेव, त्याचा तळवा तिथे मोठा आहे." पुन्हा. "इथे नको, इथे तो बोट वाकवतो, इथे चपटी कर." ही आतून आली, दारात उभी राहून बघत होती. नंतर मला म्हणाली, "इतकं नीट तिने स्वतःच्या बोटातल्या अंगठीचं मापसुद्धा दिलं नव्हतं."

संध्याकाळ व्हायच्या आत लेकीने मान हातात घेतली आणि सोडलीच नाही थोडा वेळ. मग म्हणाली, "झाली. आता हात लावू नकोस." मी नाही लावला.

मग मानेच्या पोटात लोखंडी सळई, वर आबनुसाची पट्टी, त्यात धातूचे पडदे, ते सगळं होऊन मान धडाला जोडली. खाचेत अशी घट्ट बसली की सरस लावायच्या आधीच गिटार मानेला धरून उचलता येत होती. तारा चढवल्या. वाजवायला तू नाहीस, म्हणून झिपरीला बोलावलं. तिने सुरात लावली आणि पहिली तार छेडली. बापाच्या फळीतून असा आवाज निघेल हे मला ठाऊक नव्हतं. गोड आहे पण गुळमट नाही, आणि संपता संपत नाही. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणखी वाजव ग."

झिपरीने मन लावून वाजवलं, मग माझ्या हातात दिली. "काका, छान आहे. पण माझी नाही ही, हाताला कळतं. मला दुसरी करा. साधं लाकूड चालेल, पण हलकी करा." केली सुरू. तिच्यासमोर मी काहीही लपवत नाही. पोरगीही पट्टकन सांगते. अशी गिऱ्हाइकं आधी भेटली असती तर किती बरं झालं असतं.

तर अशी गोष्ट आहे. तुझी गिटार तयार आहे.

बाबा


२ एप्रिल

अरे,

तुझं कार्ड मिळालं. 'मान झाली वाचून डोळे भरून आले. तिला माझ्यातर्फे काय सांगावं सुचत नाही. कुरिअरने पाठवा, पत्ता खाली दिला आहे.'

तिला मी कार्ड दाखवलं. तिने वाचलं, परत दिलं, म्हणाली, "सुचत नसेल तर नको सांगू म्हणावं. मला कळलं." तेव्हा तो विषय संपला. चांगल्या रीतीने संपला, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. हल्ली ती बरी दिसते. मोजणीहून येते, भूक लागली म्हणून ओरडते, जेवते, हिच्याशी भांडते.

आता कुरिअरचं. खोका केला होता. खरंच केला होता. आत कापूस, कडेने थर्माकोल, वर तुझा पत्ता. कुरिअरवाला आला, त्याने खोका उचलला. मी म्हटलं, "राहू दे. उद्या ये." तो दुसऱ्या दिवशी आला, मी म्हटलं, "झाकण बसत नाहीये." सुतार मी! झाकण बसत नाहीये! तो हसून गेला. ही म्हणाली, "ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, किती दिवस चालणार हे?"

तेव्हा सरळ लिहितो. तू मला सरळ लिहायला शिकवलंस, आता भोग.

सुरुवातीपासून मी तुला मानेसाठी बोलावत होतो. हात हवा, माप हवं, एक दिवसाचं काम आहे. खोटं नव्हतं ते, पण खरंही पुरतं नव्हतं. आता मान झालीय, तुझ्या हातावाचून झालीय, उत्तम झालीय. मला तुझ्याकडून काही म्हणजे काहीही नको आहे. नातं म्हणशील तर तेही नाही. तू माझा जावई नाहीस. मुलगा नाहीस. कुणी विचारलं, हा कोण, तर माझ्याकडे शब्दच नाही. आता तुला बोलवायला एकसुद्धा कारण उरलेलं नाही, म्हणून आता बोलवायची मला हिंमत आली.

मला तुझी आठवण येते रे. रविवार सरत नाही. मी खोक्यावर बसतो आणि खुर्ची रिकामी असते, आणि गंमत म्हणजे कुणी नसतं तरी मी खुर्चीत बसत नाही. चूक दाखवायला कुणी नाही, कुणाची चूक काढायला नाही. काम चांगलं झालं तर वर मान करून कुणाकडे बघावं, तेही नाही. ही असते, पण हिला गिटार वाजल्यावर कळते, आधी नाही.

लेकीला विचारल्याशिवाय हे लिहिलेलं नाही. म्हटलं, "मी त्याला बोलावतोय. नुसतं. काही काम नाही." ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "रविवारी सकाळी मी येणार, हे ध्यानात ठेव. सकाळी तू माझा. कारखाना बंद. आईला, मला, बाजारात न्यायचं, गप्पा मारायच्या. दुपार तुझी आणि त्याची. संध्याकाळी मला काय करायचंय ते मी बघीन." मोजणीवाली ती! हद्द आखून दिली आणि खुंट्याही ठोकल्या. मी ताबडतोब मान्य केलं. इतकी सोपी वाटणी होती, आणि आम्हा दोघांना इतक्या वर्षांत सुचली नाही.

गिटार मी पाठवणार नाही. खोका मोडला, त्याचा कापूस हिने उशीत भरला. तू येऊन घेऊन जा, किंवा येऊन वाजव आणि इथेच ठेव, किंवा हात लावू नकोस. जे वाटेल ते कर. नाही आवडली तर तोंडावर सांग.

रविवारी दुपारी जेवून ये, नाहीतर न जेवता ये, ही वाढेल. काम काही नाही.

बाबा